पाच व्हय आणि एक न्हाई

सुलक्षणा रासकरला कारखान्यात दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक तिचा हात आणि दुसरं तिचं तोंड. हाताचं कौतुक सगळे तिच्यासमोर करतात. तोंडाबद्दल जे काही बोलायचं ते पाठीमागे बोलतात, कारण समोर बोलायची कुणाची छाती होत नाही.

ती दौंडजवळच्या गिरीमची लेक आणि इनामगावची सून. माहेरी माळव्याची शेती, सासरीही माळवंच. वांगी, दोडकी, कडेला शेवंतीच्या चार सऱ्या. वांग्यात अळी शिरते तेव्हा बाहेर टाचणीच्या टोकाएवढं भोक राहतं. ते डोळ्यांनी शोधत बसलं तर दिवसभरात दोन पाट्याही भरायच्या नाहीत. सुलक्षणा बघायचीच नाही. देठ मोडता मोडता अंगठा फिरवायची आणि किडकं वांगं बांधावर फेकायची. तिच्या बापाला या अंगठ्याचा फार अभिमान. तो अंगठा पुढे मोटारगाडीच्या कामी येईल असं त्याला कुणी सांगितलं असतं, तर मात्र त्यानं सांगणाऱ्यालाच बांधावर फेकलं असतं.

सहा वर्षांपूर्वी ती रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटावर लागली. कारखान्याचं नाव सांगून उपयोग नाही, गाडीवर ते नाव कुठेच येत नाही. तिथे गाडी बनत नाही, गाडीची कातडी बनते. दार, बॉनेट, टप, चाकावरचं फेंडर. लोकांना वाटतं, एवढी महागाची गाडी, म्हणजे दार चांगलं जाडजूड असणार. कसलं जाडजूड! पोलादी पत्र्याची भली मोठी रिळं ट्रेलरवरून येतात आणि तो पत्रा पाऊण मिलिमीटरसुद्धा जाड नसतो. दाराला बळ येतं ते त्याच्या वळणातून आणि आतल्या सांगाड्यातून. पत्र्याचा तुकडा पहिल्या प्रेसखाली जातो आणि ते धूड एका दणक्यात त्याला दाराचा आकार देतं. दुसरा प्रेस जादा कडा छाटतो, तिसरा हँडलचं आणि कुलपाचं भोक पाडतो, चौथा कड उभी वळवतो. मग आतला सांगाडा त्या कातडीत बसवायचा आणि बाहेरची कड त्याच्यावर दुमडून दाबायची. इंजिनिअर लोक याला हेमिंग म्हणतात.

सुलक्षणानं पहिल्याच दिवशी ते पाहिलं आणि म्हणाली, "ह्ये काय नवीन हाय व्हय? करंजीची मुरड हाय ही."

शिकवणारा साहेब हसला. हसू दे. आज त्या कारखान्यात सुपरवायझरपासून बिहारच्या पोरांपर्यंत कुणी हेमिंग म्हणत नाही. कुठे कड उघडी राहिली की ती पोरं लांबून ओरडतात, "दीदी, मुरड खुल गई!" साहेब कधीच बदलून गेला, मुरड राहिली.

तिचं स्वतःचं काम तपासणीचं. चौथ्या प्रेसमधून दाराची कातडी आली की ती टेबलावर घ्यायची, हातात पांढरे सुती मोजे चढवायचे आणि तळवा सपाट ठेवून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवायचा. पत्रा कुठे केसभर बसला असेल तर तो 'लो', कुठे केसभर उठला असेल तर 'हाय'. नुसत्या डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. दिसतं ते रंग दिल्यावर, म्हणजे उशीर झाल्यावर. चकचकीत दारात विजेचा खांब वाकडा दिसला की गिऱ्हाईक शोरूममध्येच तोंड वाकडं करतं. लो असला तर पत्रा आतल्या बाजूनं हलक्या हातानं उचलून घ्यायचा, हाय असला तर वरून घासून बसवायचा. दोन्ही दुखणी जुळ्या बहिणींसारखी दिसतात, पण औषध एकमेकींच्या उलटं.

आणि इथेच खरी गोम आहे. सुलक्षणाच्या बोलीत 'हाय' म्हणजे आहे. मीठ हाय, पाणी हाय, सासू घरी हाय. कारखान्यातल्या इंग्रजी 'हाय'चं आणि या 'हाय'चं काही नातं नाही, पण दोघं एकाच टेबलावर नांदत होते. पत्रा उठलेला असला की ती म्हणायची, "हाय हाय!" आणि शेजारच्या टेबलावरची गिताबाई विचारायची, "कोण मेलं गं?" सगळी लाइन हसायची. पाच वर्षं हे हसण्यावारी गेलं, कारण तेव्हा बोलण्यावर काहीच अवलंबून नव्हतं. हातात निळा खडू असायचा. लो असला की गोल, हाय असला की फुली. पुढचा माणूस खूण बघून काम करायचा.

या जानेवारीत कारखाना पेपरलेस झाला. खडूचे डाग पुसत बसावं लागतं म्हणून खडू बंद झाले. त्यांच्या जागी टॅब आला आणि टॅब धरायला स्वराज नावाचा ठाण्याचा तरुण इंजिनिअर आला. माणूस वाईट नव्हता. उगाच कुणावर खेकसायचा नाही, डब्यातलं दिलं तर नको म्हणायचा नाही. तो चार हात लांब उभा राहायचा, कानात आवाज अडवणारी बोंडं घालून, कारण चार प्रेस धडधडत असताना तसा नियमच आहे. सुलक्षणा पत्र्यावर बोट ठेवायची, तो विचारायचा, ती सांगायची आणि तो बटण दाबायचा. बटणं तीनच होती, ओके, लो आणि हाय.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी नवीन रीळ लागलं. पत्रा जरा मऊ निघाला आणि पुढच्या डाव्या दारावर हँडलच्या खोबणीखाली बसू लागला. सुलक्षणाच्या तळव्याला ते पहिल्याच दारात कळलं. तिनं त्या जागेवर बोट ठेवलं.

स्वराजनं विचारलं, "लो?"

"हाय!" ती म्हणाली.

आता तुम्हीच सांगा, इनामगावात विचारा, न्हावऱ्यात विचारा, नाहीतर दौंडच्या बाजारात जाऊन विचारा, या उत्तराचा दुसरा काही अर्थ होतो का? पण स्वराजला वाटलं, बाई आपली चूक दुरुस्त करतायत, लो नाही, हाय आहे. त्यानं हायचं बटण दाबलं. पुढच्या दाराला त्यानं शहाण्यासारखं आधीच विचारलं, "हाय?" सुलक्षणा खूश झाली. आला बाबा एकदाचा आपल्या बोलीवर, असं तिला वाटलं. ती म्हणाली, "हाय, हाय!" असं दोघांचं दिवसभर गुण्यागोविंदानं चाललं आणि एकशेचाळीस दारं पुढे गेली.

पुढे घासणीवर धम्मदीप होता. त्यानं पहिल्या दारावर हात फिरवला आणि सुपरवायझरला म्हणाला, "ह्ये बसल्यालं वाटतंय, उठल्यालं न्हाई." सुपरवायझर म्हणाला, "टॅबवर काय आहे ते कर." धम्मदीपनं केलं. बसलेल्या जागेभोवतीचा पत्रा त्यानं मशीननं घासून सपाट केला. वरून दार गुळगुळीत झालं, पण आधीच पातळ असलेला पत्रा तिथे पार कागद होऊन गेला.

बारा दिवसांनी गाडीवाल्या कंपनीनं सगळी दारं परत पाठवली. हँडलखाली अंगठा दाबला की दार डब्याच्या झाकणासारखं टक् करून आत जायचं आणि टक् करून बाहेर यायचं. एकशेचाळीसच्या एकशेचाळीस भंगारात गेली. सुलक्षणा जेवणाच्या सुट्टीत त्या ढिगाऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. तिनं एका दारावर उघडा तळवा ठेवला. तिला खरोखर वाईट वाटलं. आतून चार हलके टोले दिले असते तर ही सगळी दारं आज रस्त्यावर धावली असती.

मग सुरू झालं व्हाय-व्हाय. कारखान्यात चूक झाली की एक तक्ता भरतात. चूक का झाली, तर अमुक म्हणून. अमुक का झालं, तर तमुक म्हणून. असं पाच वेळा इंग्रजीत 'व्हाय' विचारायचं, पाचव्या उत्तराला मूळ कारण म्हणायचं आणि त्याखाली कामगाराची सही घ्यायची. बायका या तक्त्याला 'पाच व्हय' म्हणतात. साहेब विचारणार, आपण पाच वेळा व्हय म्हणायचं, सही ठोकायची, की सुटलो. गिताबाई कवठे येमाईची, अकरा वर्षं लाइनवर आहे. तिनं असे किती व्हय म्हटले असतील ते तिलाही सांगता येणार नाही. एकदा तर ती भाचीच्या लग्नाला गेली असताना झालेल्या चुकीवर तिची सही आहे.

गुरुवारी सुलक्षणाला ऑफिसात बोलावणं आलं. एचआरच्या शितल मॅडम तक्ता घेऊन बसल्या होत्या. मॅडम मूळच्या पाबळच्या, पण ऑफिसात त्यांचं मराठी इस्त्री केल्यासारखं असतं. तक्ता इंग्रजीत छापून तयार होता, सहीची जागा तेवढी मोकळी.

"मराठीत वाचून दाखवा," सुलक्षणा म्हणाली.

मॅडमनी पहिली चार कारणं भराभर वाचली. पाचव्यापाशी त्या जरा अडखळल्या. "मूळ कारण, तपासणी करणाऱ्या कामगाराची ग्रामीण आणि अशुद्ध भाषा. उपाय, कामगाराला शुद्ध भाषेचं प्रशिक्षण देणे."

सुलक्षणानं तक्त्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, पत्रा बसला व्हता का उठला व्हता?"

"बसला होता."

"आन् मी काय म्हणलं?"

"तुम्ही लो आहे असंच म्हणालात. पण ज्या पद्धतीनं म्हणालात..."

"म्हंजी मी खरं बोलले. खरं बोलले त्ये मूळ कारण, आन् उलटं बटण दाबलं त्ये कोण? त्याचा मावसभाऊ?"

शितल मॅडमना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघा, कायम होणाऱ्यांची यादी तयार आहे. अकरा नावं आहेत, त्यात तुमचं आहे. गाडीवाल्या कंपनीला हा तक्ता उद्या पाचच्या आत सहीसकट पाठवायचाय. सही नसेल तर ते नाव टिकवणं माझ्या हातात राहणार नाही. नुसता कागद आहे हो. कोण वाचतंय?"

हे त्या दमदाटीनं बोलल्या नाहीत, कळकळीनं बोलल्या आणि सुलक्षणाला तेच जास्त टोचलं. कायम होणं म्हणजे काय हे कंत्राटावर राबल्याशिवाय कळत नाही. दर अकरा महिन्यांनी गेटवर कार्ड जमा करायचं आणि पुन्हा नव्यानं नोकरीला लागल्यासारखं उभं राहायचं. ताप आला तरी रजा मागायला भ्यायचं. उद्यापासून येऊ नका असं कुणीही, कधीही सांगू शकतं. सहा वर्षं ती या एका गोष्टीची वाट बघत होती. तिनं तक्त्याची घडी घातली, "उद्या सांगते" म्हणाली आणि बसमध्ये जाऊन बसली.

घरी नवरा आणि सासू ओसरीत मेथीच्या जुड्या बांधत होते. तिनं सगळं सांगितलं. तिचा नवरा मल्हार सरळ माणूस. तो म्हणाला, "मंग कर की सही. शुद्ध बोला म्हणत्यात तर घ्ये चार शब्द शिकून. त्यात काय जीव जातोय?"

कस्तुराबाईंनी, म्हणजे तिच्या सासूनं, हातातली जुडी खाली ठेवली. "काय लिवलंय म्हणली त्यात?"

"आपलं बोलणं अशुद्ध हाय, म्हणून दारं बिघडली."

"आपलं?"

"व्हय, आत्या."

"मंग माझी सही कुठं मागितली कुणी? ह्यो मल्ल्या बोलतोय, मी बोलती, माझी आय ह्येच बोलत मेली. समद्यांच्या वतीनं तू एकटी कशी काय सही करती?"

सुलक्षणा आधी हसली. चूल पेटवता पेटवता तिचं हसू थांबलं. तिला लाइनवरच्या नव्या पोरी आठवल्या, गेल्या महिन्यातच लागलेल्या, साहेब जवळ आला की ओठ शिवल्यासारख्या उभ्या राहणाऱ्या. हा तक्ता भिंतीवर लागला की त्या काय करतील? हाताला खड्डा लागेल आणि शुद्ध शब्द सापडेना म्हणून गप्प बसतील. दार तसंच पुढे जाईल. आणि गिताबाई? तिला कोण मेलं गं विचारायचीही चोरी होईल. सुलक्षणाला राग आला आणि तो आलेला राग तिला बरा वाटला. भाकरी थापून झाल्यावर तिनं हात धुतले आणि तक्ता पालथा घालून कोऱ्या बाजूवर लिहायला बसली.

शुक्रवारी ऑफिसात शितल मॅडमच्या शेजारी मॅनेजर साहेबही होते. सुलक्षणानं कागद पालथाच टेबलावर ठेवला.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"पाच व्हाय. तुमचं वाचलं, आता माझं ऐका." तिनं कागद उचलला आणि शाळेत धडा वाचतात तसं मोठ्यानं वाचलं. "दार का बिघडलं? खड्डा असताना टेंगूळ समजून घासलं. का घासलं? टॅबवर तसं आलं. टॅबवर तसं का आलं? मी माझं 'हाय' म्हणलं, सरांनी त्यांचं 'हाय' ऐकलं. दोघं बी खरं, दोघांच्या कानात प्रेसचा दणका. मंग समदं बोलण्यावर का सोडलं? खडू काढून घेतला. खडू का काढून घेतला?" ती थांबली. "ह्याचं उत्तर मला ठावं न्हाई. म्हणून पाचवी जागा मोकळी ठिवली. चौथ्याखाली माझी सही हाय. पाचवी तुमची."

साहेबांनी आवाज चढवला नाही. त्यांनी कागद सुलटा केला आणि छापील रेघेवर पेन ठेवलं. "सही इथे करायची आहे. तुम्हाला कळतंय ना, तुम्ही काय घालवताय ते?"

"कळतंय."

"मग करा."

"न्हाई."

ती शितल मॅडमकडे वळली. "मॅडम, पाबळवरनं आईचा फोन आला, आन् आईनं इचारलं घरी हाईस का, तर तुम्ही काय म्हणता? 'आहे' का 'हाय'?"

मॅडमनी कागद आपल्याकडे ओढून पुन्हा पालथा केला.

"साहेब," सुलक्षणा म्हणाली. "तुमच्या तक्त्याला आमच्या पाच व्हयची सवय हाय. आज एक न्हाई बी लिवून घ्या त्याच्यात. त्ये बी शुद्धच हाय."

ती लाइनवर परत आली आणि शिफ्ट संपेपर्यंत एकाही दारावरून तिचा हात घाईनं फिरला नाही.

पाचला पाच मिनिटं कमी असताना शितल मॅडमनी कागद कंपनीला पाठवला. सहीशिवाय पाठवून चालणार नव्हतं आणि सही होती ती पालथ्या बाजूला. म्हणून त्यांनी पालथीच बाजू स्कॅन केली. साहेबांना विचारून केली की न विचारता, हे कारखान्यात अजून कुणाला माहीत नाही. कंपनीकडून दोन ओळींचं उत्तर आलं, पाचवं कारण व्यवस्थापनानं भरून द्यावं म्हणून. यादी आठवडाभर लांबली. साहेबांनी पाचव्या जागेत काय लिहिलं ते त्यांनाच ठाऊक. खडू काही परत आले नाहीत, पण टॅबवरची बटणं बदलली. आता तिथे मराठीत 'खड्डा' आणि 'टेंगूळ' असं येतं. बिहारच्या पोरांना टेंगूळ म्हणता येत नाही, ती टेंगुल म्हणतात आणि काम अगदी बिनचूक करतात. भिंतीवर कुठलाही तक्ता लागला नाही. स्वराज एकदा टॅबमध्ये बघत पुटपुटला, "चूक माझी होती, ताई." कानात बोंडं असल्यामुळे त्याला स्वतःलाही ते नीट ऐकू आलं नसेल. तिला आलं. तिनं पुढचं दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "खड्डा हाय, सर. हँडलखाली. दाबा."

आठवडा उलटल्यावर सोमवारी गेटजवळच्या फलकावर यादी लागली. शिफ्ट सुरू व्हायला दहा मिनिटं होती आणि फलकापुढे ही गर्दी. सुलक्षणा माणसांतून वाट काढत पुढे गेली. अकरा नावं असणार होती, दहा होती. तिनं वरून खाली वाचलं, मग खालून वर वाचलं. सहा वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत आणि त्या क्षणी ती रडली असती तरी कुणी तिला नावं ठेवली नसती. ऑफिसच्या जिन्यावर मॅनेजर साहेब चहाचा कप घेऊन उभे होते आणि इकडेच बघत होते.

गिताबाई गर्दीच्या पार मागे अडकली होती. तिनं टाचा उंचावून हाक मारली, "सुलक्षणे, हाय का गं? नाव हाय का?"

सुलक्षणा फलकाकडे पाठ करून वळली आणि जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "नाव न्हाई. मी हाय!"